सारख्या उंचीचे सहा स्तंभ

आकृती १. प्रमाण : एक चौकोन = चार किलो कापूस.

बयनाबाई ■■■■■■■■
मथुराबाई ■■■■■■■■
चंपाबाई ■■■■■■■■
विठाबाई ■■■■■■■■
रुपा ■■■■■■■■
रुख्मिणी ■■■■■■■■

(कागदावर हे स्तंभ उभे होते. इथं आडवे पडलेत.)

मीनाक्षीबाईंनी आलेखाचा कागद खिडकीच्या उजेडात धरला. मग उलटा करून पाहिला, जणू मागून काही वेगळं दिसेल. मग टेबलावर ठेवून त्यावर डस्टर ठेवलं. वाऱ्यानं उडू नये म्हणून ठेवलं. पण आठवीच्या वर्गाला वाटलं, मॅडमनी झाकलंच.

“चंदा, हे काय आणलंस?”

“स्तंभालेख, मॅडम.”

“हा स्तंभालेख? मला तर कुंपण दिसतंय.”

वर्ग खिदळला. चंदा हसली नाही. तिनं पेन्सिलीचं टोक तळहातावर टेकवून धरलं होतं आणि ती त्या टोकाकडेच पाहत होती.

दिलेली माहिती

पळसगोंदी हे तेलंगणातलं, तामसीच्या पुढचं, बस जिथून परत फिरते ते गाव. तिथल्या मराठी माध्यमाच्या शाळेत मीनाक्षीबाई गणित शिकवत. राहायला आदिलाबादला, येणं-जाणं बसनं. डिसेंबरात सांख्यिकीचा धडा येतो, तसा यंदाही आला. बाईंनी पोरांना सांगितलं, आपल्या घराभोवतालची काहीतरी माहिती गोळा करा, आलेख काढा. सगळ्यात चांगला आलेख मंडलाच्या, म्हणजे तालुक्याच्या, गणित प्रदर्शनाला जाईल, आणि त्याच्या खाली मी ‘पडताळले’ असं लिहून सही करीन.

सहीचं बाईंना फार. बाकीचे शिक्षक चहा पिता पिता सह्या करत. मीनाक्षीबाई सही करण्याआधी चष्मा पुसत.

चंदानं फळ्यावर आपला विषय लिहिला होता : वेचणीच्या बायांनी वेचलेला कापूस. आणि नेमके त्याच दिवशी शाळा समितीचे चेअरमन उद्धवराव वर्गात डोकावले. ते आले होते नळाच्या तक्रारीसाठी. फळा वाचून उंबरठ्यावरच थांबले.

“हे तं माह्याच वावरातलं दिसते.”

“हो,” बाई म्हणाल्या. “चंदाची आई तुमच्याकडेच जाते ना वेचायला.”

“मॅडम, हे चित्र झालं की मले दाखवा बरं. आमच्या ऑटोवाल्याचं पोलिसांनी चलान फाडलं. सहा बाया बसवत होता, आता पाचच बसवीन म्हणते. एक बाई कमी करा लागते. कोणाले करू? वजन ऑटोवालाच करते, मले फोनवर एकूण सांगते. सहा जणी माह्यापुढं सारख्याच वाकतात अन् सारख्याच खोकतात.” उद्धवराव आपल्याच बोलण्यावर हसले. “आकडे माह्या डोळ्यात बसत नाई. चित्रात जी सगळ्यात बुटकी दिसन, ते दुसऱ्या दिवसापासून घरी. भांडण नाई, तंटा नाई.”

पहिल्या बाकावर कडकन आवाज झाला. चंदाच्या हातात पेन्सिल मोडली होती.

मीनाक्षीबाईंनी तो आवाज तेव्हाच मनात टिपून ठेवला. पावसाळ्यात गावात चिकुनगुनियाची साथ आली होती. चंदाची आई रुख्मिणी तिच्यात सापडली, आणि ताप गेला तरी बोटं सुजलेलीच राहिली. पालकसभेत सही करताना तिनं पेन दोन्ही तळव्यांमध्ये धरला होता, ताकाची रवी धरावी तसा. त्या हातांनी बोंडातून कापूस ओढायचा. सहा जणींत बुटका स्तंभ कुणाचा येणार, हे सांगायला आलेखाची गरज नव्हती.

आणि आता आलेख आला होता. त्यात कुणीच बुटकं नव्हतं.

खालील प्रश्नांची उत्तरे लिहा

१. सहा बायांत सगळ्यात म्हातारी कोण?
विठाबाई. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.

२. सगळ्यात चपळ कोण?
रुपा. तिच्या दोन्ही हातांचं लक्ष वेगवेगळ्या झाडांवर असतं, असं गावात म्हणतात.

३. मग दोघींचे स्तंभ सारखे का?
(जागा रिकामी.)

४. आलेख कुणी काढला?
चंदानं.

५. चंदा कुणाची?
रुख्मिणीची.

६. यावरून काय अनुमान निघतं?

बस आदिलाबादकडे परतत होती. मीनाक्षीबाई खिडकीशी बसून सहाव्या प्रश्नाचं उत्तर मनातल्या मनात लिहीत होत्या आणि खोडत होत्या. पोरीनं आईसाठी आकडे बनवले, हे तर उघडच होतं. पण बनवायचेच तर आईचा स्तंभ थोडा उंच केला की काम भागत होतं. सगळ्यांचेच सारखे कशाला? इतकी हुशार पोरगी इतकं ढोबळ खोटं का बोलेल? आणि खोटं नसेल, तर मग दुसरं काय असेल?

वेडीवाकडी माहिती

दुसऱ्या दिवशी बाईंनी वर्गात दोन कागद फळ्याला चिकटवले. एक चंदाचा. दुसरा भारतचा, ‘आठवडाभर सकाळच्या बसला चढलेली माणसं’. भारतचे स्तंभ मोडक्या कंगव्यासारखे, एक उंच, एक ठेंगणा, एक मधलाच.

“नीट बघा. खरी माहिती अशी असते. वेडीवाकडी. माणसं काही साच्यातून काढलेली नसतात. आज एकाचं पोट दुखतं, उद्या दुसऱ्याकडे पाहुणे येतात. जिथं सगळं एकसारखं दिसेल, तिथं समजायचं की कुणीतरी वरून हात फिरवलाय.”

हे बोलताना त्यांनी चंदाकडे पाहिलं नाही. न पाहण्यानंच सगळ्या वर्गाला कळलं.

भारत कॉलर ताठ करून म्हणाला, “चंदे, तुह्या बाया कवायत करतेत काय वो?”

“तू आपली बस मोज,” चंदा म्हणाली.

मधल्या सुट्टीत बाईंनी तिला एकटीला थांबवलं.

“एक काम कर. जोडस्तंभालेख काढ. प्रत्येक बाईचे दोन स्तंभ, एक दुपारच्या वजनाचा, एक संध्याकाळच्या. मग तुलना चांगली होते.”

चंदाचा चेहरा पाटी पुसावी तसा कोरा झाला. “दुपारी वावरात काटा नसते, मॅडम. ऑटोवाला दिवस बुडता आणते.”

“मग मी आणीन काटा.”

“तुमी?” तिनं खालचा ओठ दातांत धरला. “नका येऊ, मॅडम. मी बसचाच आलेख काढतो. भारतवाणी.”

संशय घ्यायला बाईंना तेवढं पुरलं.

घरी जेवताना त्यांनी हे सगळं सासऱ्यांना सांगितलं. गोपाळराव तहसील कचेरीतून निवृत्त झालेले, पण कचेरी त्यांच्यातून निवृत्त झाली नव्हती. भाताचा घास हातात तसाच ठेवून ते म्हणाले, “दर्याफ्त करायची असेल तर कळवून जाऊ नये, सूनबाई. कळवून गेलं की पंचनामा होत नाही, पाहुणचार होतो.”

“पोरीची कसली दर्याफ्त, बाबा? आलेख आहे शाळेचा.”

“सही तुझी आहे ना त्याच्यावर?”

कपाटात वजन करायचा एक हूकचा काटा होता. मुलगा अवधूत परदेशी शिकायला गेला तेव्हा विमानाच्या बॅगा तोलायला आणलेला. मीनाक्षीबाईंनी त्यात नवे सेल घातले.

अक्षसंकोच

आलेखात मधला भाग रिकामा असेल तर अक्षावर एक नागमोडी खूण करतात, आणि तेवढं अंतर गाळून पुढं जातात. पोरं ही खूण करायला हमखास विसरतात.

दुसरा शनिवार, सुट्टी. बस, धुकं, पळसगोंदी, नाल्यातून उतरणारी पायवाट, साडीला चिकटलेली कुसळं.

ʌvʌ

दुपार. वावर.

दुपारचं वजन

उद्धवरावांचं वावर नाल्यापलीकडे, महाराष्ट्राच्या हद्दीला चिकटून. पऱ्हाटी कंबरेइतकी, पांढरीशुभ्र फुटलेली. बाया ओळीनं वेचत होत्या. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बाभळीच्या सावलीत सहा गाठोडी ठेवलेली होती. जुन्या लुगड्यांची, प्रत्येकाचा रंग वेगळा. लांबूनच दिसत होतं : एक भोपळ्यासारखं फुगलेलं, एक मुलाच्या दप्तराएवढं.

सगळ्यांत आधी बयनाबाईनं पाहिलं. ती या टोळीची म्होरकी. डोक्याचा फडका सोडत ती पुढं आली.

“काऊन आल्या, मॅडम? मालकानं धाडलं काय?”

“नाही हो. चंदाचा आलेख पडताळायला आले.”

“पडताळाले. मंजे आमची पोरगी खोटी बोलते, असं.”

“असं कुठं म्हटलं मी?”

“मंग घरी दोन घटका पाठ टेकवा लागत होती. सुट्टी हाय ना आज.”

“अवो, आंधी पाणी तं दे तिले,” विठाबाई मागून ओरडली. “कोन हाय ते? नर्सबाई काय?”

“मास्तरीणबाई हाय, बुडे. वजन कराले आली.”

“माहं?”

रुपा फिसकन हसली. सहा जणी ओळ सोडून धुऱ्यावर आल्या आणि गाठोड्यांच्या पुढं उभ्या राहिल्या. नुसत्या उभ्या. मीनाक्षीबाईंना उगाच वाटलं, आपण झडती घ्यायला आलोय आणि कुणी काही न बोलता वाट अडवलीय. त्यांनी पिशवीतून काटा काढला. हातात धरला, पण कुणाचं गाठोडं मागावं ते कळेना. वारा पऱ्हाटीतून सळसळत गेला.

“हे घ्या.” मागून आवाज आला. रुख्मिणीनं दप्तराएवढं गाठोडं दोन्ही मनगटांत अडकवून उचललं होतं. “हे माहं. आंधी हेच करा.”

“रुख्मे!” बयनाबाई दटावून म्हणाली.

“करू दे, माय. पोरीले वर्गात उभं करून कुंपण काढलं म्हणते. करू दे एकदाचं.”

हूकमध्ये गाठोडं अडकलं. काटा चिवचिवला.

आकृती २. प्रमाण : एक चौकोन = दोन किलो. वेळ : दुपार.

रुपा ■■■■■■■■■■■■
बयनाबाई ■■■■■■■■■■
मथुराबाई ■■■■■■■■■
चंपाबाई ■■■■■■■■■
विठाबाई ■■■■■
रुख्मिणी ■■■

(ही आकृती कोणत्याही कागदावर नाही. बाईंनी पेन काढला होता. रुख्मिणीचा आकडा आल्यावर परत पर्समध्ये टाकला. बाकीचे पाच त्यांना नुसते लक्षात राहिले.)

मग बाया ओळीला परत गेल्या. बाईंना निघता आलं असतं, परतीची बस होती. पण आता पंचनामा अर्धाच झाला होता. संध्याकाळी सारखं कसं होतं, ते पाहायचं राहिलं होतं. त्या बाभळीखाली बसल्या. मधूनमधून एखादी बाई मान वर करून पाही, या अजून आहेत का.

उन्हं कलली तशी बयनाबाईनं हाक दिली, “चला गे, तंबाखू मळा.”

तंबाखू कुणीच मळली नाही. सहा जणी धुऱ्याखाली, रस्त्याकडे पाठ करून, गोल करून बसल्या. मधोमध सहाही गाठोडी सोडली. आणि मग हात चालू लागले. रुपाच्या ढिगातून एक ओंजळ रुख्मिणीच्या लुगड्यात. बयनाबाईची एक विठाबाईकडे. परत रुपाची. जेवायला बसल्यावर एकमेकींच्या ताटात वाढावं तशा, तिसरीकडेच बघत. बयनाबाईनं एकेक गाठोडं कोपरावर टांगून पाहिलं, एकातून मूठभर काढलं, दुसऱ्यात टाकलं. गाठी बसल्या. सहा गाठोडी, सहा रंगांची, एका मापाची.

“हे रोज?” मीनाक्षीबाईंच्या तोंडून निघालं.

“मागच्या साली मी पोटुशी व्हती,” रुपा म्हणाली. “उभी ऱ्हायली की चक्कर. दिवसभर ह्या बाभळीखाली बसून ऱ्हाये. तवा माहं गाठोडं कोनं भरलं, इचारा.” तिनं हनुवटीनं रुख्मिणीकडे दाखवलं. “ह्याच बोटांनी.”

“म्हणजे तू फेडतेस.”

“फेडाले काय वाण्याची दुकान हाय?” बयनाबाई म्हणाली. “तिचे दिवस होते, आता हिचे हायत. उद्या माहे असन. बुटकी कोन, हे मालकाले कायले दिसाले पाहिजे? आज एक बुटकी काढन, उद्या उरलेल्यात एक बुटकी असनच. मंग तिले काढन.”

हे मात्र गणितानं बरोबर होतं. सहांतून सगळ्यात ठेंगणी काढली की पाचांत एक ठेंगणी उरतेच. मीनाक्षीबाई इतकी वर्षं पोरांना सर्वांत लहान संख्या शोधायला लावत होत्या. शोधल्यावर तिचं काय होतं, हे पुस्तकात नव्हतं.

“आता तुमी काय सांगान मालकाले?” बयनाबाईनं विचारलं. तिच्या डोळ्यांत विनवणी नव्हती. संशय होता, दुपारी बाईंच्या डोळ्यांत होता तेवढाच.

बाईंनी उत्तर द्यायच्या आत रस्त्यावर ऑटोचा हॉर्न वाजला. ऑटोवाल्यानं काटा टांगला. एकेक गाठोडं चढलं, उतरलं. प्रत्येकीचं बत्तीस, थोडं इकडं, थोडं तिकडं. त्यानं मान वर न करता लिहून घेतलं.

नावे द्या

सोमवारी मीनाक्षीबाई वर्गात आल्या त्या आधी भारतकडे वळल्या.

“भारत, मागच्या बुधवारी बसला चौदा माणसं चढली म्हणतोस.”

“हो मॅडम. मोजली ना.”

“बुधवारी बस आलीच नव्हती. मी आदिलाबादच्या बसस्टँडावर दोन तास उभी होते. मग तुझी चौदा माणसं कशात चढली, विमानात?”

वर्ग फुटला. भारतची कॉलर आपोआप खाली आली. “मॅडम, तुमीच म्हणलं ना,” तो पुटपुटला, “वेडंवाकडं असलं की खरं.”

चंदा हसत नव्हती. ती बाईंकडे पाहत होती. शनिवारचं सगळं तिला घरी कळलेलं होतं.

बाईंनी तिचा कागद डस्टरखालून काढला. उभ्या अक्षाच्या कडेला चंदानं वळणदार अक्षरात लिहिलं होतं : वेचलेला कापूस (किलोत).

“हे खोड.”

“अन् काय लिहू?”

“तू कुठं मोजलंस? वेचताना की काट्यावर?”

“काट्यावर.”

“मग तेच लिही. काट्यावर भरलेलं वजन. जे मोजलं तेवढंच नाव अक्षाला द्यायचं. जे मोजलं नाही त्याचं नाव घ्यायचं नाही.”

चंदानं खोडलं. कागद किंचित फाटला. तिनं लिहिलं. बाईंनी चष्मा पुसला, खाली ‘पडताळले’ लिहिलं आणि सही केली. एकही आकडा खोटा नव्हता. तरी पेनाला टोपण लावायच्या आधी त्यांनी कागद एकदा परत वाचला.

दुपारी उद्धवराव आले. आल्या आल्या म्हणाले, “तुमी वावरात गेलता म्हणे, मॅडम.”

“गेले होते. न पाहता मी सही करत नाही.”

“बरं केलं. मंग, कोन बुटकी?”

बाईंनी कागद पुढं केला. उद्धवरावांनी तो लांब धरला, जवळ धरला. बोट डावीकडून उजवीकडे नेलं, सरळ रेघेत. परत आणलं.

“सहाही सारख्या?”

“काट्यावर सारख्याच भरतात. मी समोर उभी होते.”

“विठाबुडी अन् रुपा सारखी?” उद्धवराव खुर्चीत बसले. “मॅडम, माह्या बापानं असा कापूस पाह्यला नसन. तुमी शिकवता ना हे. सांगा, खरं वजन असं असते काय?”

मीनाक्षीबाईंपुढं दोन वाटा होत्या. ‘असते’ म्हणावं तर चार दिवसांपूर्वी याच फळ्यापाशी उलटं सांगितलेलं, आणि तीस पोरं साक्षीला. ‘नसते’ म्हणावं तर सहा जणींचं ते गोल करून बसणं उघडं पडतं.

“वर्गात मी सांगितलंय,” त्या शेवटी म्हणाल्या, “खरी माहिती बहुतेक वेडीवाकडी असते.”

“बराबर!” उद्धवरावांनी मांडीवर थाप मारली. “मंजे काटाच अडकून राह्यला. नाईतर तो ऑटोवाला! एकीचं करते अन् सहाही जणींच्या नावावर तेच लिहून मोकळा व्हते. मले आंधीपासून त्याच्यावर शक होता. नवा काटा आणतो, मॅडम, डिजिटल. अन् रोज मी स्वतः उभा ऱ्हातो. पोरी, तू रोज नवं चित्र काढत जाय. मंग पाहू बुटकी कोन.”

ते गेले. चंदा जागेवरच बसून होती. पेन्सिलीला टोक करत होती, हळूहळू, साल न तुटू देता.

खरं बोलायला जाऊन आपणच रुख्मिणीचा स्तंभ आखून दिला, असं मीनाक्षीबाईंना त्या रात्री वाटत राहिलं.

तुलना करा

आकृती ३. नवा काटा. प्रमाण : एक चौकोन = चार किलो.

रुख्मिणी ■■■■■■■■■■
चंपाबाई ■■■■■■■■■
मथुराबाई ■■■■■■■■
विठाबाई ■■■■■■■■
बयनाबाई ■■■■■■■
रुपा ■■■■■■

बाईंनी हा कागद उजेडात धरला नाही. नुसते चौकोन मोजले. पहिल्या आकृतीत जेवढे होते तेवढेच भरले.

“चंदा.”

“मॅडम?”

“रुख्मिणीबाई सगळ्यांत उंच?”

“काट्यावर भरलेलं वजन हाय, मॅडम,” चंदा म्हणाली आणि अक्षावरच्या नावाखाली बोट ठेवलं.

उद्धवराव मात्र खुशीत होते. कागद पाहून म्हणाले, “आता कसं! आता दिसते खरं. रुख्मीनं तं कमाल केली, सुजल्या बोटांनी. अन् मी बुडीवर शक घेत होतो, बुटकी निंघाली रुपा!”

“मग रुपाला काढणार?” बाईंनी सावधपणे विचारलं.

“तेच तं. काढणारच होतो. तं बयनाबाई म्हणे, मालक, एका दिवसाच्या चित्रावर कोनाले काढू नका, आज एक खाली, उद्या दुसरी. त्यापेक्षा जी आजच्या चित्रात बुटकी, ते उद्याच्या दिवस घरी. परवा परत ऑटोत. म्हणे, मंग सगळ्या भेवानं चांगलं वेचतेत. मले पटलं.” उद्धवरावांनी आवाज खाली आणला. “बाई अडाणी हाय, पण डोकं पाहा.”

मीनाक्षीबाईंनी मान हलवली. पटलं त्यांनाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी बसमधून उतरताना त्यांना आरोग्य उपकेंद्राच्या ओट्यावर रुपा दिसली. मांडीवर पोरगं, तापानं लाल झालेलं. डॉक्टर यायचा वार होता, ती नंबराची वाट पाहत बसली होती. त्याच वेळी वावराकडे ऑटो गेला. आत पाच जणी. रुख्मिणीनं वरच्या दांडीत बोटं न अडकवता मनगट अडकवलं होतं.

पोरगं आज दवाखान्यात. रुपा कालच्या चित्रात बुटकी.

बाई ओट्यापुढं क्षणभर उभ्या राहिल्या. मग तशाच शाळेकडे वळल्या. आलेख झालेल्या गोष्टीचा असतो, असं त्या इतकी वर्षं शिकवत आल्या होत्या. हा आलेख उद्याचं सांगत होता.

वर्गात चंदानं कालचं नवं चित्र पुढं ठेवलं. सहा स्तंभ. वेडेवाकडे, एकदम खरे वाटणारे. सगळ्यात ठेंगणी विठाबाई.

मीनाक्षीबाईंनी चष्मा पुसला. पेनाचं टोपण काढलं. आणि सही करता करता, वर न पाहता, सहज विचारल्यासारखं विचारलं :

“विठाबाईंना उद्या कुठं जायचंय?”

“डोये दाखवाले, आदिलाबादले…” चंदा बोलून गेली, आणि तिनं जीभ चावली.

भारत मागून मान उंचावून पाहत होता. बाईंनी कागद घडी करून चंदाच्या हातात दिला.

“सकाळी मी ज्या बसनं येते, तीच परत जाते,” त्या म्हणाल्या. “मी उतरेपर्यंत खिडकीची जागा सोडत नाही. ती जागा विठाबाईंची. म्हणावं, मागच्या दारानं चढा.”